माळ्यावरची अडगळ नेतं कोण? रद्दीवाला, भांडीवाली, मोडवाला आणि इतरांची पारख

पसारा आवरायला बसलं की पहिल्या तासाभरात खोलीत चार ढीग होतात आणि संध्याकाळी ते चारही ढीग पिशव्यांत भरून पुन्हा माळ्यावर जातात. ढीग करताना 'हे नको' एवढंच ठरलेलं असतं, 'हे कुणाला' ते ठरलेलं नसतं, म्हणून असं होतं. चांगली वस्तू कचऱ्यात टाकायला हात धजावत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. श्रीखंडाचे डबे, काचेच्या बरण्या, सुतळीचे तुकडे, बिघडलेल्या पंख्याचे स्क्रू ज्या पिढीने जपले, तिने ते टंचाईच्या दिवसांत जपले. त्या माणसाला 'टाका ते' म्हणून काही होत नाही. 'हे अमक्याच्या कामाला येईल, तो आज नेतोय' म्हटलं की मूठ सुटते.

म्हणून ही पारख डबे-कपाटांची नाही, दारावर येऊन वस्तू नेणाऱ्यांची आहे, आणि ती मुख्यतः पुण्या-मुंबईतल्या घरांसाठी आहे. प्रत्येकाला तीन कसोट्या लावल्या: वस्तू त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर जाते का, पुढे ती खरोखर कुणाच्या उपयोगी पडते का, आणि बदल्यात घरात काही परत येतं का. पैसे किती सुटतात हे त्यानंतर.

रद्दीवाला

सगळ्यांत भरवशाचा. फोन केला की येतो, माळ्यावरून स्वतः उतरवतो, तिथल्या तिथे पैसे देतो आणि मोबदल्यात घरात काही आणत नाही. कागद पुढे गिरणीत जाऊन पुन्हा कागद-पुठ्ठाच होतो. तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणारा हाच.

तक्रार असते ती वजनाची. तिथे वाद घालण्यापेक्षा आपला अंदाज आधी पक्का असावा. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅम प्रति चौरस मीटरचा असतो. चार पानांचा मिळून एक ताव होतो आणि तो १६ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे १६ पानी अंक ६५ ग्रॅम, महिन्याचे अंक २ किलो, वर्षाचे २३-२४ किलो. पुरवण्या जाड असतील तर महिन्याला अडीच-तीन किलो धरा. एका १६ पानी पेपरची सहा महिन्यांची रद्दी ९ किलो भरत असेल, तर एकतर अंक कमी आहेत किंवा काटा.

काटा तपासायला घरातलंच माप पुरतं. पाण्याच्या १ लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या पिशवीत घालून हुकाला लावा. बाटलीच्या प्लॅस्टिकसह दोन किलोहून थोडंसं जास्तच दिसायला हवं. त्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघा. गठ्ठे १० किलोच्या आत बांधा, कारण जड गठ्ठा उचलताना जमिनीला किंवा नेणाऱ्याच्या पायाला टेकतो, आणि टेकलेला गठ्ठा कमी भरतो. काट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा असायला हवी. ती दाखवा म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. चोख धंदा करणारा रद्दीवाला स्वतःहून दाखवतो.

दर एकसारखा नसतो. वर्तमानपत्राचा वेगळा, वह्या-पुस्तकांचा वेगळा, गुळगुळीत मासिकांचा आणि पुठ्ठ्याचा वेगळा. सगळं एकाच पोत्यात कोंबलं की सगळ्याला सर्वांत खालचा भाव लागतो. ओल लागलेला कागद तर बाजूलाच काढतात, म्हणून रद्दी पावसाळ्याच्या आधी काढावी. जून उजाडला की माळ्यावरच्या कागदाला ओल धरते, पाठोपाठ कसर लागते. बांधणीतली खळ हे कसरीचं खाणं असल्याने ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात करते. अर्ध्या कोऱ्या वह्यांचा ढीग प्रत्येक घरात असतो. कोरी पानं फाडून एक जाड वही शिवून घ्यायची असेल तर त्याच आठवड्यात घ्या, नाहीतर रद्दीत द्या.

या सेवेतला खरा धोका आपल्याच बाजूचा आहे. बँकेची पत्रं, आधारच्या झेरॉक्स, जुन्या धनादेशांची पानं सरसकट गठ्ठ्यात जातात. रद्दीवाला ते वाचत बसत नाही, पण ते कागद पुढे कुणाच्या हाती पडतील ते त्यालाही माहीत नसतं. असे कागद वेगळे काढून बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी हाताने लगदा होतो. लॅमिनेशन केलेलं काही असेल तर कात्रीने क्रमांकावरून आडवे-उभे काप द्या.

काय ठेवायचं याचा धाक मोठा असतो, त्यामुळे सगळंच ठेवलं जातं. खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, मूळ गुणपत्रिका, चालू विमा पॉलिसी हे कायमचं. एका फाइलमध्ये मावतं. आयकराचे कागद पगारदार घराने हात राखून आठ वर्षं ठेवले की पुरे. विजेची, फोनची, गॅसची बिलं पुढचं बिल येईपर्यंत. वाहन परवान्यासारखी कागदपत्रं डिजिलॉकरमधून थेट घेतली असतील तर ती कायद्याने मुळासारखीच मानली जातात. त्यांच्या दहा-दहा झेरॉक्स जपायचं कारण उरत नाही. याउपर जी फाइल उघडूनही 'हे कशाचं' ते कळत नाही, ती बादलीत.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र रद्दीवाला शेवटचा. शाळा-कॉलेजची पुस्तकं अभ्यासक्रम चालू असेपर्यंत पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुन्या भावात जातात. मे-जूनमध्ये भाव येतो, दिवाळीनंतर कुणी विचारत नाही, आणि अभ्यासक्रम बदलला की त्यांचं वजनच उरतं. दिवाळी अंक एखाद्या खाजगी वाचनालयाला आधी विचारून द्या. वाचनालयाच्या दारात न विचारता पोतं ठेवून येणं म्हणजे आपली अडगळ त्यांच्या गळ्यात घालणं.

भांडीवाली

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई, काही घरांत तिला बोहारीण म्हणतात. मुंबईत गुजरातकडून आलेल्या देवीपूजक समाजातल्या बायकांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. दुपारी, स्वयंपाकघर आवरल्यावर, डोक्यावर भांड्यांची टोपली आणि खांद्यावर गाठोडं घेऊन त्या येतात. नीट कपड्यांची डागडुजी होऊन ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात, आणि जे घालण्याजोगं नसतं त्यातल्या सुती कपड्याची चिंधी होऊन गॅरेज-कारखान्यांत यंत्रं पुसायला जाते. कपडा वाया जात नाही, या कसोटीवर ही सेवा कपड्यांच्या दानपेटीपेक्षाही खरी आहे, कारण तिने पैसा गुंतवून घेतलेला कपडा ती फेकून देऊ शकत नाही.

तिची तपासणी बघण्यासारखी असते. शर्ट उलगडला की आधी कॉलरची आतली घडी, मग काखेतली शिवण, मग बटणं. पँटची चेन वर-खाली करून, दोन्ही पायांमधली शिवण उजेडाकडे धरून बघते. साडीचा पदर आधी, काठ मग, निऱ्यांचा भाग शेवटी, कारण साडी तिथेच विरते. एका मिनिटात तिच्या मनात भाव ठरलेला असतो. किती कपड्यांना केवढं पातेलं याचा छापील दर नाही. घासाघीस हा व्यवहाराचाच भाग आहे. कपडे धुऊन, घडी करून, साड्या-पँटी-शर्ट वेगळे लावून ठेवले तर भाव वाढतो. बोचक्यातून एकेक ओढून काढले तर पडतो. अंतर्वस्त्रं, तेलकट डागांचे कपडे, उसवलेलं लोकरीचं ती घेत नाही. ते बाजूला काढून ठेवायची गरज नाही, पायपुसणं किंवा सुका कचरा, तिथल्या तिथे ठरवून टाका.

दोन ठिकाणी नुकसान होतं. पहिलं जरीचं. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे फाटलेल्या पैठणीच्या काठालाही धातूची किंमत असते. अशी साडी परातीवर देऊ नये. जुनी जरी विकत घेणाऱ्याकडे नेऊन, वजन आणि पारख डोळ्यांदेखत करून घ्यावी. दुसरं नुकसान आपल्या कसोटीचं आहे: पंधरा कपडे गेले, पण एक भांडं घरात आलं. कपाटात पसारा असेल तर हा सौदा झकास. पसारा स्वयंपाकघरातच असेल तर मात्र नवं पातेलं घेताना त्याच मापाचं जुनं पातेलं मोडीत काढा. नाहीतर वर्षभरात ओट्याखालचं कपाट उघडलं की डबे अंगावर येतात. तिसऱ्या कसोटीवर अडते म्हणून भांडीवालीला आम्ही रद्दीवाल्याच्या खाली ठेवतो.

मऊ सुती साड्या तिच्याकडे न देता गोधडीला काढाव्यात. एका माणसाच्या गोधडीला चार-पाच सहावारी साड्या पुरतात. सिंथेटिक साडी आत घालू नये, ती थरांमधून सरकते आणि टाके ताणले जाऊन गोधडीला फुगे येतात. पण गोधडी शिवणारी बाई ठरलेली असेल तरच साड्या ठेवा. 'कधीतरी गोधडी करू' या वाक्यावर कित्येक गाठोडी वीस-वीस वर्षं माळ्यावर बसलेली आहेत.

मोड आणि भंगार

तांब्या-पितळेची जुनी भांडी भंगारवाल्याला देण्याआधी भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारावा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी भांड्यांची जाण असलेली माणसं बसतात. तांब्याचा भाव पितळेहून जास्त, कारण पितळेत जस्त मिसळलेलं असतं. कासं हा वेगळाच धातू, तांबं आणि कथलाचा. तळपायाला तूप चोळायची ती जुनी वाटी बोटाने टिचकी मारल्यावर घंटेसारखी लांबवर वाजते. पितळेची चटकन थांबते. कास्याची वाटी पितळेच्या ढिगात तोलली गेली की नुकसान आपलं.

भंगारवाल्याकडे नेताना सुटं करून न्या. कुकरचा रबर, शिट्टी आणि काळ्या मुठी काढल्या की उरतं शुद्ध ॲल्युमिनियम. त्या तशाच ठेवल्या की तो 'घट' म्हणून मनाला येईल तेवढं वजन कापतो. घरातलं एक लोहचुंबक हाताशी ठेवा. चुंबक चिकटला म्हणजे लोखंड असेलच असं नाही, स्टीलच्या काही जातींनाही तो चिकटतो. पण तांबं, पितळ, ॲल्युमिनियमला कधीच नाही. पितळेचा म्हणून जपलेला दिवा चुंबकाने ओढला, तर ते लोखंडावरचं पाणी आहे. एवढं एक कळलं तरी तो दिवा सोडायला सोपं जातं.

इन्व्हर्टरची बॅटरी भंगारात कधीच नाही. आत शिसं आणि आम्ल आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून घेतो, तोच रस्ता. जुना काचेच्या नळीचा टीव्हीही भंगारवाल्याला नको. तो मागची तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि शिसं असलेली काच नाल्याकाठी पडते. फुगलेली मोबाइल बॅटरी दाबू नका, चार्जिंगला लावू नका, ड्रॉवरमध्ये बाकी पसाऱ्यात तर मुळीच ठेवू नका. ट्यूबलाइट-सीएफएलमध्ये पारा असतो, ते न फोडता खोक्यातून द्या. हे सगळं ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे. फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोनमधल्या खात्यातून बाहेर पडा आणि मगच त्यातली सगळी माहिती पुसा. क्रम उलटा झाला तर फोन जुन्याच खात्याला कुलूपबंद राहतो आणि पुढच्याला निरुपयोगी होतो.

स्वच्छ, पुणे

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये महापालिकेबरोबर तिचा करार झाला. दारावर येणाऱ्या ताई सुका कचरा निवडून विकतात आणि ते उत्पन्न त्यांचं असतं. ज्यांना रद्दीच्या शंभर-दोनशे रुपयांची गरज नाही, त्यांनी स्वच्छ, कोरडा, वेगळा केलेला कागद-काच-पत्रा त्यांना द्यावा. याहून सरळ मदत दुसरी नाही. संस्थेच्या 'व्ही कलेक्ट' उपक्रमात कपडे, ई-कचरा, जुनं फर्निचर अशा नेहमीच्या कचऱ्यात न बसणाऱ्या वस्तूही घेतल्या जातात. एकच सांभाळावं: पूर्ण माळा एका सकाळी ताईंच्या ढकलगाडीवर लादू नये. आधी सांगावं, दोन-तीन दिवसांत विभागून द्यावं. आमच्या लेखी ही पुण्यातली पहिल्या पसंतीची सेवा आहे. तिच्या आधी रद्दीवाला आला तो फक्त त्याच दिवशी, हवं तेवढं वजन उचलून नेण्याच्या सोयीमुळे.

देवांचे फोटो

इथे भली भली घरं अडतात. तडकलेल्या काचेची तसबीर, झिजलेली मूर्ती, पानं गळालेली पोथी. टाकवत नाही, ठेववत नाही, आणि शेवटी कुणीतरी रात्री पिंपळाखाली ठेवून येतं. नाशिकची 'संपूर्णम सेवा फाउंडेशन' ही संस्था नेमकं हेच काम करते: जुने फोटो-मूर्ती गोळा करून, उत्तरपूजा करून, मग काच, लाकूड, कागद वेगळे करून पुढच्या वापराला लावते. ज्यांना तिथवर पोचवणं जमत नाही, त्यांना घरीही हे करता येतं. अक्षता वाहून नमस्कार करा, तसबिरीची मागची खिळ्यांची पट्टी पकडीने काढा, काच वर्तमानपत्रात गुंडाळून 'काच' असं लिहून वेगळी द्या, चौकट लाकडात, आणि चित्र बादलीत भिजवून त्याचा लगदा कुंडीच्या मातीत मिसळा. चित्र गुळगुळीत प्लॅस्टिकच्या थराचं असेल तर ते भिजत नाही, ते संस्थेकडेच द्यावं.

ज्यावर पैसे घालवू नयेत

हवा काढून चपट्या होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. गाद्या-रजया निम्म्या जागेत बसतात हे खरं, पण झडपेतून किंवा झिपच्या कोपऱ्यातून हवा शिरते आणि काही आठवड्यांत पिशवी पुन्हा फुगते. कोकणात, मुंबईत दमट दिवशी बंद केली तर ओल आतच राहते आणि कपड्याला बुरशीचे ठिपके पडतात. रेशमी साडीची घडी दाबून ठेवली की त्या रेषेवर ती चिरते. शिवाय निवड न करता चेपून ठेवलेलं सामान म्हणजे तेवढाच पसारा, फक्त दिसेनासा झालेला. रंगीत झाकणांचे मोठे डबेही आधी विकत आणू नयेत. काय उरतं ते मोजल्यावर आणावेत.

कापसाची जुनी गादी टाकायची घाई नको. पिंजाऱ्याकडून पिंजून, किलो-दोन किलो नवा कापूस घालून ती पुन्हा उभी राहते. फोमच्या गादीला तो मार्ग नाही, ती नवी घेतानाच जुनी नेण्याची अट दुकानदाराला घाला.

पैसे घेऊन घर आवरून देणारेही आता शहरांत मिळतात. ठरवण्याआधी एवढंच विचारा: निवडलेलं सामान तुम्ही त्याच दिवशी घेऊन जाता का, कुणाला देता, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय काही काढणार नाही याची हमी देता का. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पुढे जाऊ नका.

यांच्यापैकी कुणालाही बोलावू नये अशी घरं

काही माणसांना काहीच सोडवत नाही. वस्तूची किंमत कितीही असो, रिकामी पिशवी द्यायलाही जीव तुटतो. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक होत नाही. हा आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या वर्गीकरणात साठवणुकीचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. तो मोजायला चित्रांची एक सोपी पट्टी वापरतात: बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, प्रत्येकाची नऊ-नऊ छायाचित्रं, पहिलं मोकळं आणि नववं छतापर्यंत भरलेलं. आपली खोली चौथ्या चित्राशी किंवा त्यापुढच्या चित्राशी जुळली तर तज्ज्ञाची मदत घ्यावी असा संकेत आहे. म्हातारपणी नव्याने सुरू झालं असेल तर विसराळूपणाच्या आजाराचीही तपासणी करून घ्यावी.

अशा घरात माणूस गावाला गेलेला बघून टेम्पो बोलावणं हा सर्वांत मोठा अपाय. परतल्यावर त्याला होणारा त्रास खरा असतो, घरच्यांवरचा विश्वास उडतो, आणि खोली पुन्हा भरते. समुपदेशनाने, वस्तूंबद्दलचे विचार हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने फरक पडतो. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यावर रद्दीवाल्याला बोलवायचं ते एका पिशवीसाठी. पिशवी त्या माणसाने स्वतः भरलेली असावी आणि काट्याला त्यानेच लावावी. आलेले पैसे त्याच्याच हातात द्यावेत. रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवावं की दहा मिनिटं थांबावं लागेल आणि कदाचित रिकाम्या हाताने परत जावं लागेल. जुने, ओळखीचे रद्दीवाले याला नाही म्हणत नाहीत.